स्टेशनासमोरील जुन्या हॉटेलच्या छपरासाठी गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर, म्हणजे आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांलगत, स्टेशनासमोर उभी असलेली जुन्या हॉटेलची माडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या मागील बाजूची कवेलू घसरली, सागवानी मयालीत (छपराच्या तुळईत) पाणी मुरले आणि आता तिला उधई लागली आहे. मृगाच्या आत छप्पर उतरवून नव्याने चढवले नाही, तर माडी टिकणार नाही, असे गावातील मिस्त्रींचे स्पष्ट मत आहे.

ही इमारत उभी राहिली ती कापसामुळे. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली अडीच फुटी रुंदीचा लोहमार्ग आला आणि रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंग व वखारी वाढल्या. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला माल मोजून पैसे हाती पडेपर्यंत मुक्काम करावा लागे. त्याची सोय याच हॉटेलात होत असे: खाली भट्टी, गल्ला आणि लांब बाकडी, माडीवर व्यापारी व दलालांच्या खोल्या, तर मागच्या आवारात बंड्या आणि बैलांसाठी दगडी डोणी. गल्ल्यामागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली उधारी अजूनही वाचता येते. नावाऐवजी गाव आणि बैलांचा रंग लिहिलेला आहे, आणि बहुतेक रकमांवर फेडीची आडवी रेघ आहे.

१९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे सगळा कापूस राज्य सरकारनेच विकत घेण्याची योजना आली, तेव्हा खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत आणि हॉटेलची भट्टी रात्रभर पेटलेली असे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर धावले. गाडी वेळेवर न येणे हेच हॉटेलचे खरे भांडवल होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पुढे गाडीच बंद पडली आणि गल्लाही उठला.

मालक कुटुंबाने ही इमारत गावाच्या वापरासाठी लेखी संमतीने दिली आहे. बाजाराच्या दिवशी बाहेरगावच्या कास्तकारांना बसण्याची जागा आणि एरवी विद्यार्थ्यांची अभ्यासिका, असा तिचा उपयोग करण्याचे ग्रामसभेत ठरले आहे. स्लॅब टाकावा, अशी सूचना काहींनी केली. परंतु चुन्यात बांधलेल्या भिंतींवर तो भार टाकणे आम्हास योग्य वाटत नाही. सिमेंटचा गिलावाही करावयाचा नाही, कारण त्याने भिंतीतील ओल आतच कोंडते.

त्यामुळे पैशांइतकीच वस्तूंची आणि हातांची गरज आहे. ज्यांची जुनी घरे उतरवली जात आहेत, त्यांनी धड कवेलू, सागवानी दांड्या व फाटे फेकून न देता आम्हास कळवावे. बंडी किंवा ट्रॅक्टर आम्ही पाठवू. कवेलू फेरण्याचे काम जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दोन दिवस येऊन तरुणांना ते दाखवावे, ही विशेष विनंती. हॉटेलची जुनी बिले, छायाचित्रे किंवा मुक्कामाच्या पावत्या कोणाकडे असल्यास त्यांची प्रत द्यावी, मूळ कागद स्वतःकडेच ठेवावा.

रोख वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयातच द्यावी आणि छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नये. नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्यांनी व माहेरवाशिणींनी ती घरच्यांमार्फत पाठवावी. जमाखर्च दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. देणगीदारांच्या नावांच्या फरशा भिंतीत बसवल्या जाणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले नम्र,
जुने हॉटेल दुरुस्ती समितीचे सर्व सदस्य