सुध्या, आधी जहाजं बांध

सातारा,
१३ जुलै, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझं पत्र आल्यापासून हसतोय. बायकोने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तिला काय सांगू? की आमचा सुध्या डब्लिनमध्ये बसून 'एम्पायर: टोटल वॉर' या कॉम्प्युटर गेममध्ये इंग्रज घेऊन खेळतोय, त्यात त्याच्या हातून डब्लिनच गेलंय, आणि हिंदुस्थानात उतरवलेली त्याची फौज मराठ्यांनी कापून काढलीय! १७१८ साल, तिजोरीत खडखडाट आणि तीन आघाड्यांवर तीन फौजा. तुझ्या ऑफिसातल्या त्या आयरिश मित्राला हे दाखवू नकोस, पार्टी मागेल.

"इंग्रजांनी जिंकायचं कसं ते एकदा नीट लिही" म्हणालास म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन वाच, लांबणार आहे.

२००९ साली 'एम्पायर: टोटल वॉर' आला तेव्हा आपण होस्टेलवर एका कॉम्प्युटरपुढे चौघं बसायचो, आठवतं ना? माउस ज्याच्या हातात तो पेशवा. बाकीचे तिघे सल्लागार, आणि सल्ला एकच, "घाल घोडा!" इंग्रज घ्यायचं कुणाच्या मनात यायचं नाही, घेतलं असतं तर मेसमध्ये शेजारी कुणी बसलं नसतं. ती सवय तुझ्या हातात मुरलीय. मराठ्यांना चारी बाजूंनी शेजारी आहेत, उरावर मोगल आहेत, तिथे पहिल्या चालीपासून दौडावंच लागतं. इंग्रजांना बेट मिळालंय. कॉम्प्युटर समुद्रातून फौज उतरवायला फारसा धजत नाही, आणि आलाच तर वाटेत तुझं आरमार आहे. म्हणजे जी फौज तू पोसत होतास तिची निम्मी गरजच नव्हती. झेंडा इंग्रजांचा घेतलास आणि खेळलास मात्र मराठ्यांसारखा.

तर पहिली चाल. कुठेही फौज हलवू नकोस. वाटाघाटींची खिडकी उघड आणि जो जो हो म्हणेल त्याच्याशी व्यापाराचा करार कर. शोध विकता येतात तेही विक, रोख पैसे घे. मैत्रीचे तह मात्र जपून कर. तह केलास की दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी दारात उभा, "आमच्या लढाईत या." नाही म्हणालास तर मैत्री तुटली आणि हो म्हणालास तर ज्याला माल विकतोस त्याच्याशीच लढाई.

मग जहाजं. नकाशाच्या कडेला चार समुद्री प्रदेश आहेत, ब्राझील, आयव्हरी कोस्ट, मादागास्करची सामुद्रधुनी आणि ईस्ट इंडीज. तिथे लढाईला जायचं नसतं, व्यापारी जहाज नेऊन नांगर टाकायचा असतो. आफ्रिकेत हस्तिदंत, ईस्ट इंडीजमध्ये मसाले. जो आधी पोचेल त्याची जागा. १७०० सालच्या उन्हाळ्यापासून तुझ्या व्यापारी बंदरांत इंडियामॅन या व्यापारी जहाजांशिवाय दुसरं काही बनता कामा नये. आणि एकाच जागी सगळी गर्दी करू नकोस. पहिल्या दोन-चार जहाजांना चांगला पैसा सुटतो, पुढे दर जहाजामागे कमी होत जातो. मी दहाएक वर्षांत चारही ठिकाणी पसरलो आणि नंतर पैशासाठी कधी रडलो नाही. जोडीला दोन ब्रिग, म्हणजे लहान लढाऊ जहाजं, ठेव. कॅरिबियनमधले चाचे जन्मभर सगळ्यांशी लढाईत असतात आणि व्यापारी मार्गावर येऊन बसले की तुझं उत्पन्न गळायला लागतं, ते लगेच लक्षातही येत नाही.

इथे मला एक खटकतं. या गेममध्ये कर्ज काढता येत नाही. इंग्रजांचं खरं हत्यार तेच होतं की! बँक ऑफ इंग्लंड १६९४ सालची, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी सहा वर्षं. पार्लमेंट कर गोळा करणार आणि व्याज वेळेवर देणार हा भरवसा होता, म्हणून लोक सरकारला स्वस्तात पैसे द्यायचे. सात वर्षांच्या युद्धात, १७५८ पासून, त्यांनी प्रशियाच्या फ्रेडरिकला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड दिले. फ्रान्सला युरोपात अडकवून ठेवायचं काम त्याने करायचं, आणि यांनी तेवढ्यात कॅनडा घ्यायचा. आता आपल्या बाजूला बघ. पहिल्या बाजीरावांची त्यांचे गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, यांना लिहिलेली पत्रं आहेत. मैदानात हरायला तयार नसलेला माणूस त्यात सावकारांच्या पाया पडून कपाळ झिजल्याचं सांगतो. धावडशी माझ्या घरापासून गाडीने अर्धा तासही नाही. तिथे गेलो की मला तळ्यापेक्षा, देवळापेक्षा ते कर्जच आठवतं.

असो. तुझं डब्लिन. बंड झालं त्याला दोन कारणं असणार. एक म्हणजे तू खालच्या वर्गाचा कर शेवटपर्यंत ओढलास. त्याने नुसती चिडचिड वाढत नाही, गावाची वाढही खुंटते, म्हणजे पुढच्या वर्षीचा करही गेला. दुसरं कारण शाळा. शोध लवकर लागावेत म्हणून तू दिसेल तिथे शाळा-कॉलेजं काढलीस ना? शिकलेली माणसं सुधारणा मागतात, हे या गेमने बरोबर पकडलंय. शाळा एक-दोन ठिकाणीच ठेव, आणि असंतोष वाढला तर सरळ पाड. वाईट वाटतं खरं, पण ब्रिटिश व्हायचं ठरवलंस ना? आयर्लंडला काही वर्षं करमाफी दे, प्रदेशाच्या माहितीत तशी खूण करता येते. खऱ्या इंग्रजांना हे सुचलं नाही आणि १७९८ ला उठाव झाला, ही गोष्ट त्या आयरिश मित्राला सांगितलीस तर पार्टी कदाचित तोच देईल.

आता पॅरिस. सगळे सांगतील, पाच-सात वर्षांत फौज उतरव आणि पॅरिस घे. कारण गेममध्ये युरोपातला फ्रान्स जवळजवळ अख्खा एकाच प्रदेशात कोंबलाय. स्कॉटलंडला वेगळा प्रदेश, आयर्लंडला वेगळा, आणि एवढ्या मोठ्या फ्रान्सला एक राजधानी! पॅरिस पडलं की खेळ खलास. मी एकदा केलंय. घेतलं तीन टर्नमध्ये, म्हणजे तीन चालींत, आणि सांभाळलं वीस टर्न. लोक खवळलेले, बारा-बारा पलटणी नुसत्या पहाऱ्याला, आणि जमीन वाढली म्हणून बाकीच्या दरबारांचीही तोंडं वाकडी. व्यापाराचे करार गेले, आणि ज्या पैशावर पॅरिस घेतलं तो पैसाच आटला. शिवाय मजा नाही रे त्यात. कॅरममध्ये बोर्ड उचलून सोंगट्या भोकात ओतल्यासारखं. त्यापेक्षा फ्रान्सची बंदरं अडवून धर आणि अमेरिकेत हात-पाय पसर. तिथल्या तेरा वसाहती सुरुवातीला तुझ्या नुसत्या आश्रित असतात. त्यांच्यासाठीची जी कामगिरी दिलेली असते ती पुरी केलीस की फुकटात तुझ्यात येतात.

समुद्रावरची लढाई मात्र कधीही कॉम्प्युटरवर सोपवू नकोस. बायको माहेरी गेली होती तेव्हा मी एक लढलो, रात्री एक वाजता. समोर फ्रेंचांची पाच, माझी तीन. आधी नुसता वारा बघितला. वारा माझ्या पाठीवर, म्हणजे जवळ जायचं की लांब राहायचं हे मी ठरवणार. लांबून साखळीचे गोळे. दोन गोळे साखळीने जोडलेले असतात, ते फिरत जातात आणि शिडं, दोरखंड फाडतात. त्यांची पुढची दोन जहाजं जागच्या जागी लंगडी झाली. मग मी वळसा घालून त्यांच्या मागच्या बाजूला गेलो, जिथे त्यांच्या तोफा जवळपास नसतातच, आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम. शेवटी छर्रे, माणसं कमी करायला, आणि जहाजाला जहाज भिडवून आत शिरलो. बुडवायचं नाही, पकडायचं! पकडलेलं जहाज तुझं होतं, गोदीचा खर्च वाचतो. तीन नेली होती, पाच घेऊन परतलो. पहाटे तीनला एकट्याने टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कान्होजी आंग्रे आठवले. त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. खोल समुद्रात इंग्रजांशी भिडायचंच नाही, किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, किल्ल्याच्या तोफांखाली बोलवायचं. १७१८ ला इंग्रज खांदेरीवर हात हलवत परतले, १७२१ ला पोर्तुगीजांना घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले तेव्हाही तेच. तुझी फौज कापली गेली तेही १७१८ च की! म्हणजे इतिहासाला धरूनच हरलास.

जमिनीवरच्या लढाईचं थोडक्यात. सुरुवातीला तुझ्या लाइन इन्फंट्रीची, म्हणजे रांगेत उभं राहून लढणाऱ्या पायदळाची, फक्त पहिली रांग गोळी झाडते, मागचे नुसते उभे. म्हणून सैन्याच्या शोधांत सगळ्यात आधी रांगेरांगेने फैरी झाडण्याचा शोध लाव, तो लागेपर्यंत मोठी लढाई टाळ. आणि किल्ल्यांना घाबरू नकोस. तोफांनी तट पाडत बसायची गरजच नाही, पलटण भिंतीशी नेली की सगळे खिशातून दोर काढून सरसर वर! तानाजीला एक यशवंती होती, इथे प्रत्येक शिपायाकडे आहे.

आता हिंदुस्थान. तू फार लवकर आलास. १७४० च्या आत इकडे फिरकूच नकोस. आलास तर आधी बेट बघ. सिलोन डचांकडे असतं, त्यांच्याशी बिनसलंच तर तेच पहिलं घे, तिथे मराठ्यांचा घोडा पोचत नाही. मग बंदरांच्या तोंडावर जहाजं उभी करून त्यांचा समुद्रावरचा व्यापार बंद कर आणि दहा वर्षं गप्प बस. पुढे वीस-वीस पलटणींच्या दोन पूर्ण फौजा एकदम उतरव, एक कधीच नाही. जमीन मिळाली की भरती तिथेच, विलायतेतून माणूस आणायचा नाही.

तरी मराठे तुला जड जातील, आणि त्याचं कारण गेमची दुसरी खोट. यातले मराठे एक आहेत! शिंदे नाही, होळकर नाही, छत्रपती-पेशवे नाही. एक तिजोरी, एक डोकं. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत इंग्रजांच्या तहावर जी सही केली तशी सही करायला इथे कुणीच नाही. मागे जालन्याकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम असईला थांबलो. दोन लहान नद्या, मधे शेतं. १८०३ च्या सप्टेंबरात तिथे शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली होती, तरी संध्याकाळी मैदान इंग्रज सेनापती वेलस्लीकडे. त्या दिवशी होळकर तिथे नव्हते. नदीच्या काठावर उभा राहून मी मनात 'घाल घोडा' म्हटलं, खरं सांगतो.

माझ्या गेममध्ये आत्ता १७६१ चा उन्हाळा आहे. पानिपत झालंच नाही, मराठ्यांनी मोगल कधीच संपवलेत. किनारा माझ्याकडे, आणि माझ्या दोन फौजा साताऱ्याच्या वेशीवर. हो, गेममधली त्यांची राजधानी सातारा. परवा रात्री 'हल्ला' या बटणावर बाण नेला आणि खिडकीतून समोर अजिंक्यतारा. गेम सुरू होतो त्याच १७०० साली, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले आणि एप्रिलमध्ये औरंगजेबाने हा किल्ला घेतला. चार महिने वेढा होता. सुरुंग उलटा उडून त्याचीच माणसं गाडली गेली, तरी घेतला. मी बाण तसाच धरून बसलो आणि लाईट गेली. पावसात इथे रोजच जाते.

लाईट आल्यावर उघडलं नाही. सेव्ह फाईल सोबत पाठवतोय, तूच बघ. हल्ला करायचा तर ऑटो-रिझॉल्व्ह करायचं, म्हणजे निकाल कॉम्प्युटरवर सोडायचा नाही, समोर उभं राहून लढायचं. नाहीतर फौजा मागे घेऊन जहाजात चढव, दोन टर्न लागतील, पैसे भरपूर आहेत. काय केलंस ते कळव.

दिवाळीला येताना एक बरा माउस आण. माझ्या माउसचं चाक निखळलंय, लढाईत झूम करता येत नाही.

तुझा,
अन्या

ता. क. १७५० च्या सुमारास तुझा अर्थमंत्री कोण आहे ते तपास. माझा ठोंब्या निघाला होता, काढून टाकल्यावर दुसऱ्याच टर्नला उत्पन्न वाढलं. मी उगाच दहा वर्षं करांकडे बघत बसलो होतो.