तक्रार: दोष ३०० मिमीला, तुमची तपासणी १३५ मिमीला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा (लेन्स विभाग),
भारत कार्यालय

दि. १२ जानेवारी

महोदय,

तुमची ७०-३०० मिमी, एफ/४.५-६.३ ही हलकी टेलिफोटो झूम लेन्स मी दिवाळीच्या आधी बडोद्यातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. बिल, वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. ३०० मिमीला या लेन्सची उजवी बाजू सॉफ्ट, म्हणजे पुसट येते. तुमच्या सर्व्हिस सेंटरने ती एकोणीस दिवस ठेवून घेतली आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत पाठवली. तो शेरा मला मान्य नाही.

कशाबद्दल तक्रार नाही, ते आधी सांगतो. लेन्स ४८० ग्रॅमची आहे आणि ती हलकी कशामुळे झाली हे मला कळते. ३०० मिमीला ती जास्तीत जास्त एफ/६.३ पर्यंतच उघडते (एफचा आकडा मोठा तितकी प्रकाशाची वाट लहान). ३०० ला ६.३ ने भागले की साधारण ४८ मिमी येतात, म्हणजे तेवढ्याच रुंदीची वाट प्रकाशाला लागते. एफ/४ केली असती तर ७५ मिमी लागली असती आणि पुढची काच पाहतापाहता किलोभर वजन ओढून बसली असती. माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचे कडे, प्लास्टिकचा, स्टॅबिलायझर नाही, माउंटभोवती धूळ अडवणारी रबरी कड नाही, हूड वेगळा विकत. हे सगळे पाहूनच पैसे मोजले. पक्ष्यांचे फोटो काढत वढवाण्याच्या तलावाच्या बांधावरून तीन-चार तास चालायचे तर ४८० ग्रॅम खांद्याला जाणवत नाहीत, आणि फ्रेमच्या मध्यभागी ही लेन्स आजही पिसांच्या कडा मोजून घ्याव्यात इतकी स्वच्छ उमटवते. डावी बाजूही जवळपास तशीच. म्हणूनच उजवी खटकते.

आता तपासणी. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २४ मेगापिक्सेलची, एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची. भिंत १२ मीटरवर. त्या अंतरावर ३०० मिमीच्या चौकटीत जेमतेम ९४ सेमी रुंदी मावते. त्यात जुन्या मराठी दिनदर्शिकेची तीन पाने डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, मागचा बारीक मजकूर समोर येईल अशी चिकटवली. (देवनागरीची शिरोरेषा अशा कामाला फार सोयीची. सरळ आडवी रेघ फुटली की लगेच दिसते. गुजराती वर्तमानपत्राला ती सोय नाही.) कॅमेरा भिंतीला समांतर आहे का हे पाहायला भिंतीवर सपाट आरसा टेकवला आणि व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी लेन्सचेच प्रतिबिंब येईपर्यंत ट्रायपॉड हलवला. वेळ सकाळी सातची, कारण ऊन चढले की हवा थरथरते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. आयएसओ १००, इलेक्ट्रॉनिक शटर, दोन सेकंदांचा टायमर, फोकस स्क्रीनवर चित्र मोठे करून हाताने. प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावून पाच-पाच फोटो.

७० पासून २०० पर्यंत तिन्ही पाने सारखी. २५० ला उजवे पान किंचित मवाळ. ३०० ला एफ/६.३ वर मधल्या पानावर शिरोरेषा एकेरी आणि काळी, उजव्या पानावर तीच रेघ दुहेरी, फिकट, आणि अनुस्वाराचा टिंब पसरून शेजारच्या काना-मात्रेत मिसळलेला. एफ/८ वर थोडा फरक पडतो. एफ/११ ला मजकूर वाचता येतो, पण डाव्या पानाच्या तोडीचा नाही.

यावर तुमचे तंत्रज्ञ म्हणतील की भिंत तिरकी असेल किंवा लांब आलेली नळी वजनाने झुकली असेल. म्हणून पाने उभ्या ओळीत लावली आणि कॅमेराही उभा केला. एकदा ग्रिप (कॅमेऱ्याची उजवीकडची पकड) वर, एकदा ग्रिप खाली. ग्रिप वर असताना वरचे पान सॉफ्ट, ग्रिप खाली असताना खालचे. भिंतीचा दोष असता तर तो भिंतीवरच्या एकाच जागी राहिला असता. नळी झुकत असती तर कॅमेरा कसाही धरला तरी दोष जमिनीच्या दिशेशीच बांधलेला राहिला असता. तो फिरला चौकटीबरोबर. पुढे फोकस मुद्दाम उजव्या पानावर लावला, तेव्हा ते पान खणखणीत आले आणि मधले गेले. म्हणजे फोकसचे प्रतल, ज्या सपाट पातळीवरचे सगळे स्पष्ट येते ती पातळी, तिरके बसले आहे. आतला एखादा काचगट त्याच्या कड्यात सरळ बसलेला नाही. शेवटी दोन मित्रांकडच्या याच मॉडेलच्या लेन्स माझ्या बॉडीला लावल्या, तर दोन्ही बाजू सारख्या. माझी लेन्स त्यांच्या बॉडीला लावली, तर उजवी बाजू सॉफ्ट. बॉडीचा प्रश्न तिथेच मिटला.

पक्षी एकटा आणि चौकटीच्या मधोमध असेल तर हे चालून जाते. पण हिवाळ्यात वढवाण्याला पट्टकदंब हंस ओळीने उडतात, आणि त्या ओळीतले उजवीकडचे दोन-तीन दर वेळी पुसट. एफ/११ वर जावे तर एफ/६.३ पेक्षा पावणेदोन स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी पडतो. पहाटेच्या त्याच उजेडात १/१००० साठी जिथे आयएसओ ८०० पुरत होता तिथे २५०० लावावा लागतो. एफ/६.३ चे पैसे देऊन मी एफ/११ ची लेन्स वापरायची, असा याचा अर्थ होतो.

हेल्पलाइनवर आधी फर्मवेअर अपडेट करायला सांगितले, मग ऑटोफोकस जुळवायला. फर्मवेअरने काच सरळ होत नाही. ऑटोफोकसची जुळवणी अख्खे प्रतल पुढे-मागे सरकवते, त्याची एकच बाजू नव्हे. दोन्ही करून पाहिले, कारण तसे केल्याशिवाय तुमचे लोक लेन्स स्वीकारत नव्हते.

सर्व्हिस सेंटरने पुरावा म्हणून दोन जेपेग फाइल पाठवल्या. त्यांचा एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये आपोआप नोंदलेली सेटिंग, उघडून पाहा: फोकल लेंथ १३५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ/८. जॉब शीटवर मी '३०० मिमी, एफ/६.३, उजवी बाजू' असे स्वतःच्या हाताने लिहिले होते. फोटोत मध्यभागी एक खोके आणि दोन्ही बाजूंना कोरी पांढरी भिंत. कोरी भिंत शार्प आहे की सॉफ्ट, हे देवालाच ठाऊक.

आणखी एक. अहवालात 'लेन्स उघडलेली नाही' असे लिहिले आहे. पण परत आलेल्या लेन्सच्या माउंटवरील चार स्क्रूंपैकी एकाचे डोके चिरडलेले आहे. जपानी मापाच्या जेआयएस स्क्रूला साधा फिलिप्स पेचकस लावून जोर दिला की तो खाचेतून वर निसटतो आणि कडा खातो. खूण अगदी तशीच आहे. पाठवण्यापूर्वी मी माउंटचा जवळून फोटो काढून ठेवला होता, त्यात चारही डोकी स्वच्छ आहेत. दोन्ही फोटो जोडले आहेत. लेन्स उघडली असेल तर तसे लिहा, आणि उघडून काय केले तेही लिहा.

मला ही लेन्स पुन्हा 'अ‍ॅडजस्ट' करून नको आहे. त्याच मॉडेलची नवी लेन्स द्या, आणि पाठवण्यापूर्वी ३०० मिमीला एफ/६.३ वर डावी, मधली व उजवी बाजू तपासून ते तीन फोटो मूळ रॉ (सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या) फाइलसह पाठवा. ते जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करा. कुरिअरचे जाण्या-येण्याचे ६४० रुपयेही त्यात धरा, पावत्या जोडल्या आहेत.

वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्यांच्या रॉ फाइल पेन ड्राइव्हवर आहेत. फाइलच्या नावातच फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर आणि ग्रिपची दिशा लिहिली आहे, म्हणजे शोधाशोध नको. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली बडोद्याच्या जिल्हा आयोगाकडे हेच कागद आणि हाच पेन ड्राइव्ह देईन.

लेन्स माझ्याकडेच आहे. चिरडलेल्या स्क्रूला मी हात लावलेला नाही.

आपला,
बिलावरील नावाचा ग्राहक
दांडिया बाजार, बडोदे