हप्ता मार्चात, दहावीचा पेपरही मार्चात

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या, वाचनालयाचा ग्रंथपाल. कुलूप उघडणं, केर काढणं, पेपर लावणं, देवघेव लिहिणं सगळं माझ्याकडेच. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं.

गेल्या जानेवारीत दहावीतली एक मुलगी आली. तिला विज्ञान भाग २ च्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच हवा होता. शाळेच्या कपाटात तो आहे म्हणाली, पण किल्ली सरांकडे. पुस्तक हरवलं तर भरपाई गळ्यात पडेल, म्हणून सर कपाट उघडत नाहीत. त्यांनाही काय दोष द्यायचा? माझ्याकडे संच नव्हता. आमची पुस्तकखरेदी होते अनुदान आलं की, आणि ते येतं मार्च तोंडावर आला की. मग एकतीस तारखेच्या आत पावत्या जोडायच्या म्हणून विक्रेत्याच्या गठ्ठ्यात असेल ते उचलायचं. संच आला तोवर तिचा तो पेपर होऊन गेला होता. दाखल नोंदवहीत मात्र तो व्यवस्थित चढवलाय. तपासणीत त्यावर एक शेरासुद्धा येणार नाही.

पैशाचं रडगाणं लांबवत नाही. २०२२ साली सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, त्याबद्दल आभार. त्या वाढीने ‘ड’ वर्गाचे वर्षाला ४८ हजार झाले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच माझा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पुस्तकं. कर्नाटक, तामिळनाडूत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात तो नाही. ज्या राज्यातल्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा केला होता, तिथे आम्ही दर मार्चला हप्त्याची वाट बघतो.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आमचं वाचनालय आणि गावची शाळा यांच्यात एका गल्लीचं अंतर. कागदावर मात्र दोन खात्यांचं. आम्ही आपल्याकडे, शाळा शालेय शिक्षणाकडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं म्हटलंय. कपाट असलं की ती अट पुरी होते. आणि आमच्या तपासणीत सभासद किती, पुस्तकं किती, दैनिकं किती, रोजची देवघेव किती हे मोजतात. शाळेची किती पोरं येतात आणि त्यांना काय हवं होतं, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो तेवढा दोघेही आपापल्या साहेबांना पाठवतो.

तेव्हा शालेय शिक्षण मंत्र्यांशी बसून एकच शासन निर्णय काढा. अनुदानाचा पहिला हप्ता जूनमध्ये, शाळा उघडताना द्या. त्यातल्या पुस्तकांची यादी गावच्या शिक्षकांनी आणि मुलांनी करावी. शाळेच्या कपाटातली पुस्तकं आमच्या देवघेवीत चालू द्या, आणि वापरात फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाच्या पगारातून नको. जानेवारी ते मार्च वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवायची माझी तयारी आहे, फक्त त्या दोन तासांचं मानधन मंजूर करा. घरी एकच खोली आणि त्यात टीव्ही, अशी पाच-सहा पोरं आत्ताही आठ वाजले तरी उठत नाहीत. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे ट्यूबचा उजेड बरा पडतो, म्हणून तिथे सतरंजी टाकून बसतात. मीही किल्ली हातात घेऊन उगाच पेपर नीट करत राहतो.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा नववीत आहे. पुढच्या जूनला ती दहावीत जाईल. तेवढा वेळ आपल्या हाताशी आहे.

कळावे.

आपला,
एका ‘ड’ वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल

प्रत : मा. शालेय शिक्षण मंत्री