ओपनचा सेट कायम तयार ठेवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर, सा. न.

तुमच्या निरोप समारंभात भाषणं पुष्कळ झाली, पण आम्ही सर्जन ज्यासाठी तुमचे ऋणी आहोत ते राहूनच गेलं. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, हे आम्ही व्हायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पाठ केलं होतं. अंबाजोगाईच्या आपल्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तेच ऑपरेशन धोका न पत्करता कसं करायचं, ते तुमच्याकडे बघून कळलं.

केस सुरू होण्याआधी तुम्ही प्रत्येक हुक, प्रत्येक डिसेक्टर (पोटात आत घालायची लांब अवजारं) लाइटखाली फिरवून त्याचं इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, तपासायचात. टाचणीच्या टोकाएवढी जरी चीर असली तरी कॉटरीचा (विजेने डागण्याच्या यंत्राचा) करंट तिथून निसटतो आणि आतड्याला चटका बसतो, तोही कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागी. पेशंट घरी जातो आणि पोट फुगून, ताप घेऊन परत येतो. शंका आली की तुम्ही तो हुक बाजूला ठेवायचात. दुसरा नसेल तर केस पुढे ढकला, असं सरांना तोंडावर सांगायचात. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवलेलं अवजार स्टेराइल पाण्यात नीट धुतल्याशिवाय तुम्ही कधी टेबलावर येऊ दिलं नाही. पोट फुगवायला सोडलेल्या गॅसचा दाब १५ mmHg च्या वर सरकला की पहिला आवाज तुमचाच.

आणि क्लिप! पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना (त्याची नळी आणि धमनी) मोकळ्या दिसतात आणि त्याचा खालचा भाग यकृतापासून सुटलाय, असं सर बोलून दाखवेपर्यंत क्लिप अप्लायर (त्या रचना बंद करणारी क्लिप लावायचं अवजार) तुमच्याच हातात राहायचा. चित्र स्पष्ट होत नसेल तर शेजारी ओपनचा, म्हणजे पोट उघडून ऑपरेशन करायच्या अवजारांचा, सेट मांडलेला असायचाच. त्यामुळे ‘ओपन करू’ म्हणताना आपल्याकडे कुणाला कमीपणा वाटला नाही. शिकाऊ सर्जनसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

धारूर-केजकडच्या बाया विचारतात, “ऊसतोडीची टोळी निघायच्या आत बरी होईन का?” दुर्बिणीमुळे बहुतेकींना हो म्हणता येतं. पण पित्तनलिकेला इजा झाली, तर त्याच बाईला संभाजीनगर-पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात आणि तिचा अख्खा हंगाम बुडतो. ते होऊ नये म्हणून तुम्ही आमचा राग सोसलात. मनापासून आभार.

नवे रेसिडेंट आलेत. कॅमेरा धरायला मी शिकवतोय, पण अवजारं तपासायला त्यांनी तुमच्याकडूनच शिकावं असं वाटतं. एक सकाळ याल का? घ्यायला मी स्वतः येईन.

आपला,
तुमच्या ओटीत घडलेला एक सर्जन