चि. मुक्ताला पत्र, लक्सरला

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. “बाबा, हंगाम मार्चपर्यंत आहे, मधेच कशी निघू?” असं तू म्हणालीस आणि मी फोन आईकडे दिला. ये म्हणायला हे पत्र लिहीत नाही. आजीचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं आहे, वॉकर धरून दोन-चार पावलं टाकते. तू तुझं काम कर.

तू पाठवलेलं, इजिप्तमधल्या देर अल-मदिना या प्राचीन कामगारवस्तीचं सगळं वाचून काढलं. मस्टर सांभाळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून त्या हजेरीच्या दगडातच जीव अडकला. चुनखडीची एक मोठी चीप, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं ४०वं वर्ष, ४० कामगारांची नावं. तारखा काळ्या शाईत आणि वर बारीक लाल अक्षरात गैरहजेरीचं कारण. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे दुखत होते, कुणी बिअर बनवायला घरी राहिला. ही माणसं राजांची थडगी कोरणारी. राजाचं मरणानंतरचं सगळं आयुष्य ज्या कामावर अवलंबून, तिथेही ही कारणं टिपली जात होती. आणि एकाच्या तारखेवर लिहिलंय, आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळत होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने ते नोंदवून ठेवलं. तेव्हापासून त्या माणसाचाच विचार येतो. त्याला आधी एखादा दिवस तिच्यापाशी बसायला मिळालं असेल का?

बघ, लिहायचं नव्हतं तेच लिहिलं.

त्याच वस्तीतल्या नौनाख्ते या बाईचं मृत्युपत्र आईला वाचून दाखवलं. त्या काळी बाईच्या नावावर स्वतःची मालमत्ता होती आणि साक्षीदारांसमोर उभं राहून तिने ती वाटली, याचंच आईला अप्रूप. आठ मुलं वाढवली, म्हातारपणी काहींनी पाहिलं नाही, तर त्यांना आपल्या हिश्शातून वगळलं. वडिलांच्या हिश्शातला त्यांचा हक्क मात्र काढला नाही. ज्या मुलाने जास्त केलं त्याला पितळेसारखं ते काशाचं धुण्याचं भांडं वेगळं दिलं. आई म्हणाली, “म्हणजे तिकडेही हेच.” हे तुला उद्देशून नाही हं. तू आजीचं किती केलंस ते मला माहीत आहे. वसईच्या त्या वर्षात रात्रीची जागरणं तूच केलीस, दादा नव्हे.

बडोद्याला सुमाआत्याकडे गेलो होतो, तेव्हा संग्रहालयातल्या ममीसमोरून तू हलेनास. आत हृदय आहे का, असं आजीला विचारलंस. तिने “असेल गं” म्हणून हात ओढला. ते लोक हृदय आतच ठेवत, कारण मेल्यावर न्यायाच्या वेळी ते मात या सत्याच्या देवतेच्या पिसाविरुद्ध तोललं जायचं, हे तूच कॉलेजात गेल्यावर तिला सांगितलंस. फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी चार बरण्यांत, मेंदू टाकून द्यायचा, हृदय जागच्या जागी. त्यावर ठेवायच्या दगडी भुंग्यावर मंत्र कोरलेला: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. तो अर्थ आजीने तुझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला होता. परवा दवाखान्यात औषधाच्या गुंगीत तिने तुझं नाव घेतलं. मी सांगणार नव्हतो.

मुक्ता, काम पुन्हा मिळतं. खापऱ्या तीन हजार वर्षं थांबल्या, आणखी एक आठवडा थांबतील. माणूस थांबत नाही. तुमच्या पिढीला वाटतं की व्हिडिओवर दिसलं म्हणजे भेटलं. तसं नसतं. कितीही मोठं शिक्षण घेतलं तरी वेळेला घरी असणं... माफ कर, भाषण द्यायला लागलो. फोन आईकडे दिला तो यासाठीच.

आजोबा कचेरीतले मोडी कागद वाचायचे तेव्हा गावचे लोक जमिनीची भांडणं घेऊन ओटीवर बसायचे. तुझी ती हायरॅटिक लिपी मोडीसारखीच, रोजच्या व्यवहाराची, झरझर लिहिलेली. कुणा गवंड्याचं गाढव, कुणाचं थकलेलं धान्य तू त्यातून वाचतेस. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्य आलं नाही म्हणून ते कामगार हत्यारं ठेवून देवळामागे जाऊन बसले, हे मी आमच्या युनियनच्या जुन्या मंडळींना सांगितलं. सगळे ऐकत राहिले. माझी मुलगी तिथेच काम करते, हेही सांगितलं.

तिकिटाचे पैसे तुझ्या खात्यात टाकले आहेत. यायचं नसेल तर राहू देत. सुमाआत्या शनिवारी येतेय. आजी दुपारी तीननंतर जागी असते, तेव्हा फोन कर, आणि मोठ्याने बोल, उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

तुझे,
बाबा

ता.क. विंचवाचं वाचल्यापासून आई काळजीत आहे. सकाळी बूट झाडून घालत जा. आणि तुमच्या मुख्य बाईंना रजेचं एकदा विचारून तरी बघ.