बंद धंद्याचे 14,000 रुपये : मा. अर्थमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी सरकारात 14,000 रुपये भरले. कराचा एक रुपयाही माझ्याकडे निघत नव्हता. हे सगळं विलंब शुल्क, आणि तेही बंद पडलेल्या धंद्याचं. भिशी लागली होती, त्यातून दिले. त्या पैशांत मुलाची क्लासची फी भरायची होती.

मी सांगलीत हळद पावडर आणि कांदा-लसूण मसाला विकते. यार्डातून राजापुरी हळकुंडं आणायची, गिरणीतून दळून आणायची, रात्री पाकिटं भरायची. 2019 च्या महापुरात दोन पोती हळद भिजून गेली, तरी धंदा सोडला नाही. वर्षाची विक्री सहा लाखांच्या आत, आणि मालाच्या धंद्याला जीएसटीची मर्यादा 40 लाख. जून 2024 मध्ये पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना ऑनलाइन पाकिटं पाठवायचं मनात आलं. कर सल्लागार म्हणाला, जीएसटी नंबर काढावाच लागेल. काढला. चार महिन्यांत ऑनलाइनचं बंद पडलं, निम्मी पाकिटं फुटून परत यायची. त्यात बाकीची विक्रीही काही महिने बंद राहिली. मला वाटलं, विक्री नाही म्हणजे भरायचंही काही नाही.

शून्य विक्रीचंही रिटर्न, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा आणि कराचा हिशोब, भरावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नाही. नाही भरलं तर विलंब शुल्क दिवसाला 20 रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त 500. असे आठ महिने राहिले, 4,000 झाले. मग नंबर रद्द झाला. मी म्हटलं, सुटले. तर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न द्यायचं असतं म्हणे! त्याचे दिवसाला 200 रुपये. पन्नास दिवसांत 10,000 होतात आणि तिथे थांबतात. त्यातले 5,000 केंद्राचे, 5,000 तुमच्या राज्याचे.

आणि नोटिसा? आल्या होत्या. पण अर्जात मोबाइल आणि ईमेल सल्लागाराने स्वतःचाच टाकला होता. मुलाने त्या बघितल्या तेव्हा सगळी इंग्रजी. मी दहावी शिकले आहे, हिशोबाची वही रोज लिहिते, गिऱ्हाइकाचा रुपया चुकत नाही. पण त्या कागदातला मला आकडा तेवढा कळला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. एवढ्या वर्षांत तो माझ्या दारापर्यंत का पोचला नाही?

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढचं. शून्य रिटर्न साध्या एसएमएसने भरता येतं. इंग्रजीत NIL, 3B (महिन्याच्या रिटर्नचं नाव), आपला जीएसटी नंबर आणि महिना-वर्ष लिहून 14409 ला पाठवायचं. सीए नको, कॉम्प्युटर नको. मात्र एसएमएस नोंदवलेल्या मोबाइलवरूनच जातो, म्हणजे माझ्या बाबतीत सल्लागाराच्या. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नंबरची सक्तीच उरली नव्हती. हे मला कळलं पैसे भरायला गेल्यावर, काउंटरवरच्या एका मुलाकडून. वर नंबर असला की व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 वेगळे, हेही तिथेच कळलं.

वर्षापूर्वी एका मेळाव्यात स्टेजवरून एका अधिकाऱ्याने शब्द दिला होता की, महिला उद्योजकांसाठी दर महिन्याला मराठीतून कराचा वर्ग घेऊ. आम्ही टाळ्या वाजवल्या, नावं लिहून दिली. एकही वर्ग झाला नाही. विचारायला गेले तर उत्तर आलं, "ताई, तुमच्या सीएला पाठवा." माझा सीए असता तर मी तुमच्या दारात आले असते का?

बचत गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला लेबल कसं असावं, फोटो कसा काढावा हे शिकवलं. रिटर्नवर कोणी एक तास घेतला नाही. शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणं घोकून घेतली, पण कर कसा भरायचा ते शिकवलं नाही. उद्योजिका व्हा, उद्योजिका व्हा म्हणून बाईला घराबाहेर काढायचं, आणि पहिल्याच चुकीला तिच्या भिशीत हात घालायचा! माझ्या गल्लीत निदान पाच जणी अशाच अडकल्यात. जिल्ह्यात हजारो असतील. आमचे हे पैसे कोणत्या योजनेच्या जाहिरातीत जातात, ते तरी सांगा.

जीएसटीचे नियम जिथे ठरतात त्या जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचीही बाजू मांडली जाते. तिथे एवढं मांडा : नंबर देताना त्या कागदावर मराठीत चार ओळी छापा. शून्याचंही रिटर्न असतं, ते 14409 ला असं पाठवायचं, मोबाइल स्वतःचाच द्यायचा, नंबर रद्द झाला की शेवटचं रिटर्न द्यायचं. आणि ज्यांच्याकडे कर निघतच नाही, त्यांचं विलंब शुल्क माफ करा. 2023 मध्ये काही महिने शेवटच्या रिटर्नचं शुल्क 1,000 वर आणलं होतं, म्हणजे मनात आणलं तर होतं.

माझे 14,000 परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे. मेळाव्यात कबूल केलेल्या वर्गाची तारीख तेवढी कळवा. वही घेऊन येते, बाकीच्या पाच जणींनाही आणते.

आपली,
हळद-मसाला विकणारी एक बाई
सांगली