टोपी, चष्मा आणि पत्त्यांचा जोड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून शेजारीपाजारी नव्या यंत्रांच्या बातम्यांची कात्रणे आणून देतात. "मनात आणलं की हात हलतो म्हणे, अण्णांना तेच लावा." कात्रणे खोटी नसतात, पण बहुतेक वेळा अर्धीच असतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये 'इप्सीहँड' या यंत्राला परवानगी दिली, हे खरे. डोक्यावरची टोपी मेंदूच्या लहरी टिपते, आणि रुग्णाने मूठ उघडायचे मनात आणले की हाताला बांधलेला सांगाडा बोटे उघडतो. खुबी अशी, की लहरी मेंदूच्या धडधाकट बाजूकडून घेतात. पण हात यंत्राने हलवला म्हणून गुण येतो, असे नाही. जर्मनीत ट्युबिंगेनला, झटका येऊन बराच काळ लोटलेल्या ३२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा सांगाडा त्यांच्या लहरींनुसार हलायचा, उरलेल्यांचा वाटेल तेव्हा. फिजिओथेरपी दोघांना सारखीच. सुधारणा दिसली ती पहिल्या गटात. म्हणजे मेंदूने हुकूम सोडला आणि त्याच क्षणी हाताकडून उत्तर आले, हा मेळ बसला पाहिजे.

आमच्याकडे येणाऱ्या फिजिओ ताई हाच मेळ टोपीवाचून साधायला बघायच्या. अण्णांच्या मनगटाखाली दोन बोटे धरून म्हणायच्या, "आधी तुम्ही, मी मागून." अंगठ्याच्या मुळाशी शीर जराशी ताठली की मगच हात उचलायच्या. ताठली नाही तर थांबायच्या. मला तेव्हा वाटे, बाई वेळ काढते आहे.

व्हीआरचेही, म्हणजे डोळ्यांना चष्मा लावून किंवा पडद्याकडे बघून आभासी खेळात हात हलवायच्या तंत्राचेही, तसेच. 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली १४१ रुग्णांची चाचणी आली. काहींना निन्टेंडोचा पडद्यावरचा 'वी' खेळायला दिला, काहींना पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि सारखेच सुधारले. तो खेळ चष्म्याचा नव्हता, हे मान्य. पण २०१७ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने ७२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्याने हाताला जास्त फायदा दिसला नाही. नेहमीच्या उपचारावर भर म्हणून दिले, एकूण वेळ वाढला, तेव्हा मात्र फरक दिसला.

हे वाचले आणि मी माळ्यावरचा पत्त्यांचा जोड काढला. लाकडी फळीला खाच पाडून त्यात पाने उभी करतो. अण्णांनी उजव्या अंगठ्यानेच पान ओढायचे, असा नियम. बदाम सातचा एक डाव पाऊण तास चालतो. "तुमचं पान येईस्तोवर माझा चहा होतो," असे आई म्हणते, आणि खरोखर होतो.

यंत्रांना माझा विरोध नाही. ज्याचे एकही बोट हलत नाही त्याला पत्ते काय कामाचे? त्याला टोपीचा आधार होऊ शकेल. पण अण्णांचे दवाखान्यातले नऊ दिवस विम्यात बसले आणि नंतरच्या फिजिओचा एक दिवसही बसला नाही. ताई आठवड्यातून तीनदा यायच्या, त्या पैशांपायी एकदा येऊ लागल्या. हाताचे नुकसान नेमके कशाने झाले असेल, तर त्याने. आमच्या तालुक्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारा, नाही. त्यावरचे कात्रण मला आजवर कुणी आणून दिलेले नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी यंत्राच्या फोटोशेजारी चार ओळी जास्त छापा: किती रुग्णांवर तपासले, तुलना कशाशी केली, दुसऱ्या गटाला व्यायाम किती तास मिळाला, आणि आपल्याकडे ते कुठे व केवढ्याला मिळते.

कळावे,
एक वाचक, सातारा जिल्हा